नखाएवढा बुद्ध

माझ्या आत्याचं आयुष्यभराचं काम मी एका पत्रकानं बुडवलं. आजवर शेकड्यानं पत्रकं लिहिली, पण एवढं एक वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली. पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते. चूक समोरच्याची असते, आपण फक्त ती ठळक टाइपात छापायची असते. या गोष्टीत समोरचेही चुकले आणि त्यांना मी सोडणार नाही. पण आधी माझं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून सातवीपासून मी तिच्याकडे राहिले. बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्या, ती आणि मी. आबिड्सजवळच्या एका सरकारी खात्यात ती ड्राफ्ट्समन होती. बाईसाठी वेगळा हुद्दाच नव्हता, त्यामुळे पगारपत्रकावर ती शेवटपर्यंत 'मॅन'च राहिली. "सरकारी कागदावर मी बाप्या आहे," असं म्हणून स्वतःच हसायची.

खात्याच्या भांडारात ठिकठिकाणांहून आलेल्या जुन्या दगडी मूर्ती होत्या. त्या मोजायच्या आणि त्यांची रेखाचित्रं काढायची, हे तिचं काम. फोटोत सावली खोटं बोलते, रेघेला खोटं बोलता येत नाही, असं तिचं मत. हातात ओळंबा, दोरा, कंपास, कानावर पेन्सिल. सत्तावीस वर्षं तिनं हे केलं आणि एकाही चित्राखाली तिचं नाव नव्हतं. उजव्या कोपऱ्यात खात्याचा शिक्का असायचा.

या चित्रांत तिनं एक गठ्ठा वेगळा बांधलेला होता, बौद्ध रक्षकदेवतांचा, त्यातही क्रोधी रूपांचा. आपल्याला बुद्ध म्हटलं की मिटले डोळे आणि मांडीवरचे हात एवढंच दिसतं. पण पुढच्या काळातल्या एका बौद्ध पंथानं धर्माच्या वाटेवर पहारेकरीही उभे केले आणि ते पहारेकरी दिसायला भयंकर आहेत. भांडारात असा एक महाकाळ होता. काळ्या दगडाचा, हातभर उंच, कधीतरी ओरिसाकडून आलेला. ठेंगू, ढेरपोट्या. वटारलेले तीन डोळे, ओठांबाहेर आलेले सुळे, ज्वाळांसारखे वर उभे राहिलेले केस. गळ्यात मुंडक्यांची माळ, दंडावर साप, कमरेला वाघाचं कातडं. एका हातात वाकडी सुरी, दुसऱ्या हातात कवटीची वाटी. पायाखाली एक आडवा पडलेला माणूस.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी सुट्टीत मी तिच्याबरोबर भांडारात जायचे, ओळंब्याचा दोरा धरायला. तिथला म्हातारा चपराशी दारातूनच आत्याला छेडायचा, "क्या अम्मा, ये भूत को कित्ते दिनां नापते तुम? इनो हिलते नै, तुम उठते नै."

"तुम चाय लाव मियाँ. इनो किसकू कुच नै बोलते."

"बोलते नै, पर देखते कैसा देखो ना!"

तो बोलायचा असं, पण मूर्ती हलवायची झाली की चपला बाहेर काढून यायचा.

मी पहिल्यांदा ती मूर्ती पाहिली तेव्हा आत्यानं विचारलं, "घाबरलीस?"

"नाही. किळस आली."

"मग नीट बघितलं नाहीस. बस खाली, समोर."

मी फरशीवर बसले. ती म्हणाली, "आधी माप बघ. शांत बसलेल्या देवाचं अंग चेहऱ्याच्या नऊपट धरतात. याचं पाचपट, फार तर सहापट. हे कुणाचं माप झालं? लहान पोराचं. डोकं मोठं, पोट पुढं, पाय आखूड. राग केवढा आणि अंग कुणाचं, बघ." मग विचारलं, "तो कुणाकडे बघतोय?"

मी डोळ्यांत डोळे घालून बघायला गेले, तर जमेना. त्याची नजर माझ्या डोक्यावरून जात होती.

"तुझ्याकडे नाही बघत. तुझ्या पाठीमागून जे येतंय त्याच्याकडे बघतोय. एवढं कळलं की भीती वाटत नाही."

मग तिनं पेन्सिलीचं टोक त्याच्या केसांशी नेलं. उभ्या ज्वाळांच्या बरोबर मध्ये, मुकुटात, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा एक बुद्ध बसलेला होता. डोळे मिटलेले, उजवा हात जमिनीला टेकलेला. तेल आणि शेंदराचा जुना थर काढेपर्यंत तो कुणाला दिसलाच नव्हता.

"हा अक्षोभ्य. न ढळणारा. खालचा सगळा राग याच्या घराण्याचा. हा डोक्यावर आहे म्हणून खालचा रक्षक. हा काढला ना, तर खाली नुसता गुंड उरतो."

ओळंब्याचा दोरा तिनं त्या नखाएवढ्या बुद्धाच्या नाकावरून सोडला. तिचं पहिलं माप नेहमी तिथून निघायचं. बाकीचा महाकाळ, सुळे, पोट, सुरी, सगळा त्या दोऱ्याच्या डावी-उजवीकडे मोजला जायचा. मी दोरा धरून धरून कंटाळले आणि हे सगळं विसरले.

नंतरच्या दोनेक वर्षांत देश खुला झाला. निदान वर्तमानपत्रं तसं म्हणत होती. आबिड्सच्या दुकानांच्या काचा मोठ्या झाल्या, घराघरात डिशची वायर आली आणि सरकारी कचेऱ्यांत 'जादा कर्मचारी' हा शब्द आला. मी तोवर एका संघटनेत गेले होते. काचीगुड्याला सायकलच्या दुकानामागे आमची खोली होती. तिथे एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र, शाईनं काळी झालेली भिंत आणि आम्ही सातआठ जण. मराठी पत्रकं मी लिहायचे. आमच्या वयाची, हिंदी-इंग्रजी शाळांत शिकलेली मराठी मुलं ती हातात घेऊन म्हणायची, "हिंदीमे है क्या? ये पढना मुश्किल है यार." तरी मी लिहायचे. मोठमोठे शब्द, पुढे उद्गारचिन्ह.

आत्याच्या खात्यात नवा साहेब आला. वाईट माणूस नव्हता, हे लिहायला मला आजही जड जातं. सगळ्यांशी हसून बोलायचा, आत्याला 'मॅडम' म्हणायचा. त्यानं ड्रॉइंगचा विभाग जादा ठरवला. पाच टेबलं होती, चार उचलली. आत्याचं राहिलं, कारण तिचं पुस्तक अडकलेलं होतं. आधीच्या साहेबानं मंजूर केलेलं, चाळीस रेखाचित्रांचं, निम्मी त्या क्रोधी देवतांची. पहिल्या पानावर 'रेखाटन' या शब्दापुढे तिचं नाव यायचं होतं. छापखान्यात जायला फक्त एक सही हवी होती.

नव्या साहेबाला हवं होतं कॅलेंडर, परदेशी पाहुण्यांसाठी. एक हॉटेल पैसे घालणार होतं.

"मॅडम, शांत बुद्ध द्या. हे दात दाखवणारे कोण भिंतीवर लावणार?"

आत्यानं त्याच्याशी सौदा केला. कॅलेंडरसाठी ती बारा शांत बुद्ध काढून देईल, तेही घरी बसून, रविवारी. आणि त्यानं पुस्तकावर सही करायची, चाळीसच्या चाळीस चित्रांसकट. तो हो म्हणाला. तिनं तीन महिने रविवार घातले. त्या बारांवरही नाव नव्हतंच.

मला हे कळलं त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. मी ताट सारलं.

"तू विकली गेलीस, आत्या. शेजारच्या चार टेबलांवरची माणसं घरी बसली आणि तू हॉटेलसाठी बुद्ध काढतेस?"

"त्या चौघांसाठी मी साहेबाकडे दोनदा गेले. तू गेलीस?"

"आम्ही रस्त्यावर येतोय त्यांच्यासाठी."

"या की. पण बारा शांत दिले की माझे चाळीस सुटतात. तुझ्या एका घोषणेनं किती सुटतात, सांग बरं." मग म्हणाली, "वरण गार होतंय."

मला तिची चीड आली. इतकी की तिनं त्याच आठवड्यात शाई भरायला घरी आणलेलं महाकाळाचं चित्र मी तिच्या फोल्डरमधून उचललं. ती अंघोळीला गेली होती. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं.

सायक्लोस्टाइलचा कागद मेणाचा असतो. त्यावर लोखंडी टोकानं कोरायचं, कोरलेल्या जागेतून शाई झिरपते. बारीक काम त्यावर होत नाही. रेघा जवळ आल्या की मेण फाटतं आणि तिथे काळा डाग पडतो. मी चित्र खाली ठेवून कोरायला बसले. सुळे छान आले. डोळे छान आले. पायाखालच्या माणसाला मी टाय घातला आणि हातात सुटकेस दिली. मुकुटाशी आले तेव्हा तो बुद्ध मी सोडून दिला.

मेण फाटलं असतं म्हणून सोडला, असं मी पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच. कागद मोठा घेता आला असता. तो बुद्ध तिथे बसला असता तर राग कमी दिसला असता, म्हणून मी तो सोडला.

वर अक्षरं कोरली: 'शांत बसू नका!' मूळ चित्र त्याच रात्री गुपचूप तिच्या फोल्डरमध्ये परत ठेवलं.

छापून झाल्यावर आमच्यातल्या एकानं पहिला कागद उजेडाला धरला. नांदेडकडचा होता, बौद्ध घरातला. बराच वेळ बघून म्हणाला, "हे आमचं नाही गं."

"बौद्धांचंच आहे. माझ्या आत्याला विचार."

"असेल. पण बुद्ध कुठंय यात?"

"बुद्धानं काय होणारे आता? लोकांना राग दिसला पाहिजे."

त्यानं कागद ठेवून दिला. वाटायला तो आला, पण त्या दिवशी घोषणा दिल्या नाहीत.

पोस्ट ऑफिससमोर आम्ही ती पत्रकं वाटली, दुपारची सुट्टी धरून. लोक हसत होते, घेत होते. चित्र आवडलं. दोघांनी तर जास्तीची मागून घेतली. मग मी म्हटलं, चला, त्या खात्याच्या फाटकावरही चिकटवू. हे दुसऱ्या कुणी सुचवलं नाही. मीच.

आत्या संध्याकाळी रोजच्या बसनं आली. पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले, चहा ठेवला. मग पिशवीतून चार घड्या घातलेलं पत्रक काढून टेबलावर सपाट केलं. मी भांडायच्या तयारीत बसले होते. सरकारी मालमत्ता कुणाची, कलाकाराची की जनतेची, सगळे मुद्दे तोंडपाठ होते.

तिनं बोट ठेवलं. "याच्या डोक्यावरचा कुठं गेला?"

मी मेणाचं सांगितलं. शाई भरते, डाग पडतो.

"मग कागद मोठा घ्यायचा."

तिनं पत्रक जरा लांब धरून पाहिलं. "रेघ बरी आहे तुझी. सुळ्याला वळण चांगलं दिलंस." आणि चहा गाळायला उठली.

त्या घरात त्या दिवशी एवढंच झालं. पुढच्या सोमवारी ती कामावर गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाठ दुखते म्हणाली. शेवटी मी खात्यात गेले तेव्हा दारातच चपराशी भेटला. त्या दिवशी त्यानं मला चहा विचारला नाही.

साहेबानं आत्याला बोलावून घेतलं होतं. टेबलावर पत्रक आणि मूळ चित्राची नक्कल शेजारी शेजारी ठेवली होती. ओरडला नाही. हे बाहेर कसं गेलं, एवढंच विचारलं. माझ्या भाचीनं न विचारता उचललं, एवढं एक वाक्य आत्याला पुरलं असतं. साहेबालाही तेच हवं होतं, असं चपराशाचं म्हणणं. त्यानं दोनदा विचारलं म्हणे.

"अम्मा बोले, मैं दी. लिखके भी दिये." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "सत्ताइस बरस में हम उनकू झूट बोलते नै देखे. पैली बार देखे."

साहेब म्हणाला होता, "मॅडम, आता मी सही कशी करू?"

चाळीसही चित्रं लोखंडी कपाटात गेली आणि कपाटाला सील लागलं. आत्यानं मुदतीआधीची निवृत्ती घेतली. कॅलेंडर मात्र वेळेवर निघालं.

मी पेटले. मला दुसरं काही येतच नव्हतं. त्याच दुपारी मी नवं पत्रक लिहून काढलं, तिच्यावरच्या अन्यायाचं, आणि तिला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं.

"यात माझं नाव छापशील?"

"ठळक. सगळ्यात वर."

"नको गं," ती म्हणाली. "पहिल्यांदा नाव छापून यायचं, ते यात नको."

मी ते पत्रक फाडलं. ती त्या वेळी गवार मोडत बसली होती आणि मोडतच राहिली.

आता समोरच्यांचं. खात्यानं ती इमारत दोन वर्षांनी सोडली. मी अर्ज घेऊन तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, कपाट हलवलंय. दुसऱ्यांदा म्हणाले, किल्ली सापडत नाही. तिसऱ्यांदा एका कारकुनानं खरं सांगितलं. कपाट एका तळघरात आहे, तिथे ओल आहे, आणि "अब क्या रहता मॅडम उसमे." पत्रक मी काढलं. पण कागद ओलीत मी ठेवले नाहीत. बाईनं सत्तावीस वर्षं मोजून काढलेल्या चाळीस रेखाचित्रांना तळघर, आणि हॉटेलाच्या बारा बुद्धांना गुळगुळीत कागद! मला याचा राग आहे आणि तो मला जाऊ द्यायचा नाही. फक्त हल्ली राग आला की मी त्याच्या डोक्यावर कोण बसलंय ते बघायला जाते, आणि बऱ्याचदा तिथे कुणी नसतं.

आत्याला काचबिंदू होता. तिला तो बहुतेक नोकरीतच कळला होता, म्हणून पुस्तकाची एवढी घाई. मला तिनं निवृत्तीनंतर सांगितलं. नजर कडांपासून आत आत येत गेली. आधी ती दारांना धडकायला लागली, मग तांदूळ निवडताना खडे राहायला लागले. काचीगुड्याच्या एका मिठाईच्या दुकानात ते कॅलेंडर साल उलटून गेलं तरी लटकत होतं. मी तिचा हात धरून तिथून जायचे. ती विचारायची, "आहे का अजून?" मी म्हणायचे, "आहे." "कितवा महिना?" "ऑगस्ट." "ऑगस्टचा कान जरा लांबलाय," ती म्हणायची.

शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनं मला हाक मारली.

"ते तुझं पत्रक आहे का गं एखादं?"

होतं. बाकी सगळीकडचा महाकाळ गेला होता. मूर्ती कुठल्या गोदामात गेली ते कुणी सांगेना, चित्र ओलीत गेलं. जगात तिच्या हातच्या त्या महाकाळाची खूण म्हणजे माझी ती भसाडी नक्कल, टाय आणि सुटकेससकट. माझ्या ट्रंकेत तळाशी तिच्या तीन प्रती होत्या. मी एक आणून तिच्यासमोर पाटावर ठेवली. तिनं पेन्सिल मागितली, टोक बोटानं तपासलं आणि म्हणाली, "टोक काढ. हे काय टोक आहे?"

मी टोक काढून दिलं. तिनं डाव्या हाताची बोटं कागदाच्या कडेवरून फिरवली, वरची कड, मग डावी. मनात काही मोजलं. अंगठा टेकवला. आणि त्या अंगठ्याशेजारी तिनं काढायला सुरुवात केली.

नाक आधी. मग मिटलेले डोळे, दोन केसांसारख्या रेघा. कान, खांदे, मांडी. शेवटी उजवा हात, जमिनीला टेकलेला, त्याची बोटंसुद्धा. हात एकदाही थांबला नाही. नखाएवढा बुद्ध, भांडारातल्यासारखा, कदाचित त्याहून बरा.

पण तो मुकुटात नव्हता. ज्वाळांच्या बाहेर, चांगला तीन बोटं उजवीकडे, माझ्या 'बसू नका'तल्या 'का'वर तो बसला होता.

"मध्यावर आलाय ना?" तिनं विचारलं.

मी कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाही. घरात, संघटनेत, सगळीकडे माझी तीच ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता.

"हो," मी म्हटलं.

"दोरा सोडून बघ."

शिवणाच्या डब्यातला दोरा मी घेतला, खाली किल्ली बांधली. कागद उभा धरला आणि दोरा सोडला, कारण किल्ली कागदावर आपटते तो आवाज तिला ओळखता आला असता. दोरा बुद्धाच्या नाकावरून खाली गेला. महाकाळाच्या खांद्याबाहेरून, सुरीच्याही बाहेरून, कोऱ्या कागदावरून. मी तो स्थिर होईपर्यंत थांबले.

"मध्यावर आहे."

तिनं मान हलवली. पेन्सिल खाली ठेवली आणि चाचपडून खोडरबर माझ्या हातात दिलं.

"मग आता त्या खालच्याचा टाय पूस. त्याला कशाला टाय."

सायक्लोस्टाइलची शाई खोडरबरानं जात नाही. मी घासायला लागले. ती शेजारी बसून ऐकत होती, आणि मी थांबले की म्हणायची, "अजून आहे?"